लाल लघवी

धट्टाकट्टा गडी कशाला भीत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं जिंतूरकडच्या रामहरीला त्या सकाळी बघायला पाहिजे होतं. मेंढरांसाठी लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा हा बाप्या बाभळीआड लघवीला बसला अन् तिथंच थिजला. लघवी लालभडक!

मेंढरं राखणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मेंढी लाल मुतली की संपली. मागच्याच पावसाळ्यात त्याच्या दोन चांगल्या मेंढ्या तशाच गेल्या होत्या. रामहरीला टीबीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या. खोकला आधीपासून होता, पण रक्त? ते या गोळ्यांनीच काढलं! आतून जाळायल्यात मेल्या, दुसरं काय?

बायकोला सांगायची लाज. असलं काय सांगायचं असतं होय! शीला बिचारी रोज गोळ्या हातावर ठेवायची. हा गालात धरायचा, वरून पाणी प्यायचा अन् बाभळीआड जाऊन थुंकायचा.

दोन दिवसांत लघवी साफ झाली अन् त्याचा जीव भांड्यात पडला. खोकला वाढला, अंग तापायला लागलं, पण त्याची त्याला सवय होती. भीती लाल रंगाची होती, अन् तो तर गेला होता. लेकीला, बबीला, कुशीत घेऊन तो निवांत झोपायचा.

मग एक दिवस आरोग्याचं काम बघणारी गावची आशाताई, अर्पिता, आली. रामहरी ओट्यावर बसलेला, बबी मांडीवर.

"भाऊ, गोळ्या घ्यायलाव ना?"

"तर! रोजच्या रोज."

"मागच्या खेपेला सांगायचं राहूनच गेलं बघा. लघवी लाल व्हायली का? लय लोक भितेत."

रामहरी खुशीत हसला. "व्हायली होती. आता न्हाई. पान्यासारखी साफ हाय!"

अर्पिताचं तोंड उतरलं. "भाऊ, ते रक्त न्हाई, गोळीचा रंग असतो. गोळी पोटात गेली की लघवी लाल व्हनारच. साफ झाली म्हंजे तुमी गोळ्या घेतच न्हाईत."

"अगं बाई! मी सोता हातावर देते की!" दारातून शीला ओरडली. रामहरीनं मान खाली घातली.

"रोग वाढायलाय, भाऊ. मधीच सोडलं की लय चिवट होतो. आजच दवाखान्यात चला. अन् पोरीलाबी घ्या तपासायला. खोकल्यातून दुसऱ्याला लागतो हा. तुमच्याजवळच झोपती ना?"

मांडीवरची बबी रामहरीच्या मिशा ओढत होती, तोंडाशी तोंड आणून. त्यानं तिला उचललं, ओट्याच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवलं अन् स्वतःच्या तोंडावर उपरणं दाबलं.

पोरीला वाटलं, बाप रागावला. ती रडत रडत पुन्हा त्याच्याकडंच यायला लागली.

"येऊ नगंस! बबे, जवळ येऊ नगंस!" तो ओरडला अन् मागं मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला.