सात निवते

बटर पेपरच्या पिशव्या, सात.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा वास आज इकडे वळलेला. म्हणजे वारा आहे.

"यंदा बी नाही धरलं, तर त्या वाफ्यात पुढच्या साली हळद." नागपूरच्या मुख्य कार्यालयातले सर.

लाल लोकर, वीतभर.

फूल एकच सकाळ टिकतं.

या सगळ्याचा संबंध असा. गोंडपिपरीजवळच्या रोपवाटिकेत दिव्यानी सफेद मुसळीचा संकर करत होती. लागवडीची मुसळी बोटासारखी जाड, पण गुणाला हलकी. जंगलातली बारीक, पण गुणाला दुप्पट. जंगलातली रोपं सातच होती. इथले माळी सुकलूभाऊ, त्यांनी दोन वर्षांपूर्वी डोंगरावरून आणलेली. नंतर तिथे एकही सापडलं नाही.

संध्याकाळी तिनं प्रत्येक रोपाच्या एका कळीतले सहा पुंकेसर चिमट्यानं काढले, वाऱ्यानं परका पराग येऊ नये म्हणून पिशवी चढवली, खुणेला देठाला लाल लोकर बांधली. सकाळी कळी उमलली की लागवडीच्या मुसळीचे पराग लावायचे. एवढंच. एवढंच चुकू नये.

सकाळी वाफ्यात सात खड्डे होते.

सुकलूभाऊ पळसाच्या पानांवर रोपं मांडून बसले होते. एकाची मुळं तोडूनही झाली होती.

"काऊन खोदलं, भाऊ?"

"तुमीच तं निवता देला, मॅडम. सांजेले धागा बांधला का औषधाच्या मुळीले बोलावणं गेलं. उजाडाच्या आत नाई काढली तं गुण निघून जाते." ते हसले. "अन् सात निवते! मले वाटलं, अख्खं हापिस बिमार हाये."

"ती खूण होती. माझी."

"आमचीबी खूणच असते ना जी."

मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

"टोप्या नाई काढल्या पण," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, मॅडमची कोनती रीत असन."

टोप्या! दिव्यानीनं एक पिशवी उचलून पाहिली. कळी उमलत होती. मुळं हवेत, फूल उघडं, जणू काही झालंच नाही.

"एकेक रोप खड्ड्यात धरा. सरळ. देठ हलू देऊ नका."

सुकलूभाऊ गुडघ्यांवर बसले. ते धरायचे, ती पराग लावायची, पिशवी परत चढवायची, मग दोघं माती दाबायची. तिसऱ्या रोपाला कुंचला बाजूच्या पाकळीला लागला. पुन्हा. पाचवं. सहावं. सातव्याला मुळंच नव्हती. त्याचं फूल तिनं पाण्याच्या बाटलीत उभं केलं आणि त्यालाही पराग लावले.

"धरन का?"

"माहीत नाही, भाऊ."

"नाई धरलं तं?"

ऊन चढेपर्यंत दोन देठ वाकले. सुकलूभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि वाफ्यावर सावली धरून उभे राहिले. हात दुखले तरी बसले नाहीत.

आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, "कोन बिमार हाये का?" दिव्यानी गाठ मारत होती. तिनं मान वर न करता "हो" म्हटलं होतं.