गोणीवरची बैठक

लेकीचे दिवस भरत आले होते आणि आई इथे कारखान्यात काचेपलीकडे हाताची घडी घालून उभी होती. लेकीच्या घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं.

बावीस वर्षं तिचं एकच काम. जे प्लास्टिक ना कुजतं ना विरतं, त्याचा चुरा बंद भांड्यात तापवायचा, त्यात पावडर घालायची आणि त्याचं पुन्हा मूळ पातळ रसायन करायचं. त्यातून नवं कोरं प्लास्टिक बनतं. रजेच्या अर्जावर साहेबांनी अट घातली होती: तिच्याशिवाय एक घाणा नीट उतरला की खुशाल जा. तोवर तिने हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. दोन घाणे फसले. भांड्यातून निघाला नुसता काळा गोळा. बाई काहीतरी लपवते, अशी कुजबुज सुरू झाली. लपवते कसलं डोंबल! झाकणाचा आटा किती फिरवायचा इथपर्यंत तिने वहीत लिहून दिलं होतं.

तिसऱ्या घाण्याला तिच्या जागी आलेल्या नवीने धुण्याच्या हौदावरून चुऱ्याची गोणी ओढत आणली. मागे फरशीवर ओला पट्टा उमटला. तो पाहून बाई काचेला जाऊन चिकटली. तिची गोणी भांड्याशी येईपर्यंत अशी ओली कधीच नसायची. आल्या आल्या ती गोणी बॉयलरला टेकवायची आणि दोन तास वर बसून कंबर शेकायची. तेवढ्यात चुरा खडखडीत वाळायचा. ओल्या चुऱ्यात पावडरीचा जोर मरत होता! पण बसणं वहीत कोण लिहितं?

बोलावं तर अट मोडते. तिने कंबरेला हात लावला आणि कण्हली, जरा जास्तच. ही कंबर नवीला चांगली ठाऊक होती.

"काकू, आत येऊन बसा बघू," ती म्हणाली आणि गोणी बॉयलरला टेकवून दिली. आत बसू नये असं अटीत नव्हतं. दोन तास बाई जीव मुठीत धरून बसली.

दुपारी नळातून पाण्यासारखं स्वच्छ रसायन उतरलं. नवी नाचायचीच काय ती बाकी होती.

"आज काय वेगळं केलंत?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. काकू तेवढ्या गोणीवर बसल्या होत्या." नवी बिचारी खरं बोलली.

"म्हणजे यांच्याशिवाय नाहीच झालं."

"अहो साहेब, ऊब बॉयलरची, माझी नव्हे!" बाईचा आवाज चिरकला. "वहीत लिहून देते ना."

"लिहा. सोमवारी पुन्हा करून बघू."

तिला रडूच कोसळलं असतं, पण तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. निघालीस ना गं?"

"निघतेच आहे, बाळा," ती खोटंच म्हणाली. मग रिकामी गोणी तिने झटकली, घडी घातली आणि सोमवारसाठी बॉयलरजवळ ठेवली.