नाव पुकारलं, पण चेंडू आला नाही

मी बेसबॉलची बॅट बोलतेय. तुम्ही उभे असाल तर बसा. बसून राहण्यातली जाणकार मीच आहे.

पेन्सिल्व्हेनियातल्या ॲशच्या लाकडातून मी घडले. माझ्याबरोबरच्या बहिणी पहिल्याच उन्हाळ्यात चेंडू मारता मारता मोडल्या. मी धडधाकट राहिले, कारण माझा मालक डेल क्रँट्झ पिंच हिटर होता. सामना अडला की दुसऱ्याच्या जागी एकदाच जायचं, मारायचं आणि परत बाकावर यायचं. संसार इतरांचा, आम्हाला बोलावणं आग लागल्यावर.

आयोवातल्या आमच्या लहानशा संघात डेल बाकावरच पिकला. सामना अर्ध्यावर आला की प्रेक्षकांच्या पायाखालच्या बोळात मला फिरवून अंग गरम ठेवायचा.

"कुणाला मारतोयस, म्हाताऱ्या?" संघातली पोरं विचारायची.

"तुमच्या तारुण्याला. पण हाताला लागत नाही."

त्याचा निवृत्तीआधीचा शेवटचा सामना. बायको व्हर्ना पहिल्या रांगेत. "एकदाच लागू दे गं," तो माझ्या मुठीशी पुटपुटला. शेवटच्या डावात व्यवस्थापक ऑरिन पुलास्की म्हणाला, "क्रँट्झ, जा." भोंग्यावर नाव पुकारलं. सगळं मैदान उठून उभं राहिलं.

तेवढ्यात समोरच्यांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला. डावखुरा आणला. डेलही डावखुरा, आणि डावखुऱ्यासमोर डावखुरा टिकत नाही, हे बाकावरचं जुनं शास्त्र. पुलास्कीनं शिट्टी मारली.

"डेल, ये परत."

"ऑरिन, आज तरी राहू दे की!"

"आज तरी काय? सामना जिंकायचाय. ये."

नियम असा, की एकदा नाव पुकारलं म्हणजे माणूस खेळला. पुन्हा मैदानात यायचं नाही. डेल रीतसर खेळला, एकही चेंडू न बघता. त्याच्या जागी गेलेल्यानं दुसऱ्याच बॅटनं पहिलाच चेंडू भिंतीपार धाडला. शास्त्र खरं ठरलं. टाळ्या डेलनंही वाजवल्या. मी त्याच्या काखेत होते, म्हणून मला ठाऊक, त्या किती हळू होत्या.

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यात असते. उन्हाळ्यात रेडिओवर सामना चालू असला आणि कुणाला बदली म्हणून पुकारलं, की डेल मला उचलून मोटारीसमोर उभा राहतो. पाय रोवतो. वाट बघतो.

"डेल, मक्याची कणसं निवतायत!" व्हर्ना आतून ओरडते.

"आलो. एवढा चेंडू होऊ दे."

मंडळी, तुमच्यापैकी कुणीतरी एक चेंडू टाका हो. वाकडा टाका, हळू टाका. डावखुऱ्यानं टाकला तरी चालेल.