तीन थेंब आणि एक तळहात

मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, डोक्यावर थेंब सोडायच्या रबरी फुग्याचं बूच असलेली, आणि लेबल इतकं पुसलेलं की माझं नाव मलाच वाचता येत नाही. पण मित्रांनो, पोटात काय आहे ते ठाऊक आहे हो! सिलिकॉनचं औषध. ओला रंग सगळीकडे सारखा पसरावा, त्यात खळगे पडू नयेत, वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसू नये, म्हणून ते रंगात थेंबाथेंबाने घालतात.

आमचं घराणं मोठं. कुणी पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगात गेलं, कुणी लाकडाच्या वॉर्निशात. एक चुलत बहीण तर पूड होऊन भट्टीत भाजायच्या रंगात गेली, बिचारी! मी आले गाड्या रंगवणाऱ्या मामांकडे. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते.

मामांची शेड लहान. धूळ उडू नये म्हणून फरशी सदा ओली, दाराला प्लॅस्टिकचा पडदा. नियम मात्र कडक. एका भांड्याला तीनच थेंब. "चौथा पडला की वरचा थर धरत नाही, कळलं का?" असं ते मलाच दटावायचे. मला त्याचा कोण अभिमान!

आणखी एक सवय होती त्यांची. पत्रा पुसून लख्ख केला की रंगाची बंदूक उचलण्याआधी त्यावर डावा तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "चल गं बाई, नटायचंय तुला." चाळीस वर्षांत हे कधी चुकलं नाही.

यंदा थंडीत त्यांच्या हातांना भेगा पडल्या. सूनबाईंना ते बघवेना. त्यांनी क्रीमची डबी आणली. "बाबा, दिवसातून तीनदा लावायचं. मी विचारणार आहे हं!" मामा कुणाला भीत नाहीत, पण सुनेपुढे त्यांचं काही चालत नाही. ते मुकाट्याने लावू लागले. झाकण उघडताच मी ओळखलं, अहो, त्यात सिलिकॉन होतं! आमच्याच भावकीतलं. कातडी मऊ करायला उत्तम, पण रंगात न मिसळता रंगाखाली पत्र्यावर राहिलं तर रंग तिथून अंग चोरतो आणि खळगे पडतात. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बूच आहे, जीभ नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं बॉनेट आलं. रंग मारला आणि बारीक बारीक खळगे उठले. मामांनी घासून पुन्हा मारला, पुन्हा खळगे. मग त्यांनी नियम मोडला. माझे दहा थेंब घातले! खळगे गेले नाहीतच, उलट वरचा थर नखाने सोलून निघाला. "हिनंच घात केला," म्हणत त्यांनी मला चिंध्यांच्या खोक्यात टाकलं. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते.

मला न घालता चौथ्यांदा रंग मारला, तरी खळगे उठलेच. दुपारी सूनबाई डबा घेऊन आल्या, तर मामा स्टुलावर बसून आपल्याच हाताकडे बघत होते.

"हात गेला माझा, बाळ. उद्या ही बंदूक कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला देऊन टाकतो. शेडला कुलूप."

"काहीतरीच काय बाबा!" म्हणत त्या बॉनेटपाशी वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "हे खळगे सगळीकडे कुठे आहेत? इथेच आहेत. चार लांबट पुंजके, आणि बाजूला एक आखूड. तुमचा हात धरा बघू यावर."

मामांनी डावा हात वर धरला. पुंजके बरोब्बर बोटांखाली आले.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "क्रीम! बाबा, मीच केलं हो हे."

"म्हणजे... हात नाही गेला?"

"हात कसला जातोय! क्रीम लागलंय त्याला."

मामा हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. मग त्यांनी चिंध्यांतून मला शोधून काढलं, शर्टाला पुसलं आणि म्हणाले, "माफ कर गं." मी तिथेच विरघळले, मित्रांनो.

बॉनेट मुळापासून घासलं, धुतलं, पुसलं. तीन थेंब, चौथा नाही. असा रंग बसला की सूनबाईंनी त्यात बघून केसांची बट सारखी केली.

हात ठेवायची सवय मामांनी सोडली नाही. आता आधी हात ठेवतात, मग पत्रा पुसतात, मग बंदूक उचलतात. आणि संध्याकाळी काम संपलं की सूनबाई स्वतः त्यांच्या हातांना क्रीम चोळून देतात.

मी आता संपत आले आहे. दोन थेंब उरलेत, पण मामा मला टाकत नाहीत. मित्रांनो, मला बेताने वापरा, बूच घट्ट लावा, एवढंच मागणं. आणि एक सांगते. कुणाचं काम बिघडलं तर त्याचा हात गेला असं चटकन म्हणू नका. आधी तो हात हातात घ्या आणि त्याला काय लागलंय ते बघा.