सोनबाचं पागोटं

पेशवाईतल्या पुण्यात, बुधवार पेठेत, दीनानाथ पगडबंदाचं दुकान होतं. हात सोन्याचा, जीभ मात्र तिखटजाळ. कुणाची पगडी तिरकी दिसली की टोमणा मारल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. आषाढात पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पुढच्या माणसाचं वाकडं पागोटं बघून हसायला गेला, पायरी चुकली आणि उजवं मनगट मोडून बसला. देव बघत होता म्हणायचं, दुसरं काय!

हडपसरच्या तुळजाबाईनं हाड बसवून कामट्या बांधल्या. दीड महिन्यानं त्या सुटल्या, तेव्हा हाताचं पार लाकूड झालं होतं. मूठ मिटेना, अंगठा बोटांना टेकेना. पगडीचं शेवटचं टोक खोचायचं ते चिमटीनंच. चिमटीच गेली तर पगडबंद कसला?

"पुन्हा बांधता येईल का हो?" त्यानं विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

"येईल की. पर बरं झाल्याव ह्या हाताचं पयलं काम माजं, सांगून ठिवते."

ती दर चौथ्या दिवशी यायची. कोमट तेल लावून एकेक सांधा चोळायची, मनगट हळूच ताणायची, बोटं वाकवायची. तो कळवळला की थांबायची. "जोर करून सांधा उघडत न्हाई, बाबा. त्याला इचारून दाबायचं." मधल्या दिवसांत रोज कणीक मळायची, असा हुकूम.

आता आली का पंचाईत! शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दार लावून दीनानाथ परातीपुढे बसायचा.

"अहो, गोंजारताय काय तिला? मळा!" आनंदीबाई हसायची. पण नवऱ्यानं मळलेल्या कणकेच्या चिवट पोळ्या तिनं दीड महिना कौतुकानं खाल्ल्या.

दसरा तोंडावर आला आणि चिमूट जुळली. तुळजाबाई आपल्या नवऱ्याला, सोनबाला, घेऊन आली. म्हाताऱ्याचं पागोटं एका कानावर लोंबत होतं. दीनानाथाला राहवलं नाही.

"हे कुणी बांधलं? म्हशीनं?"

"म्या," तुळजाबाई म्हणाली. "धन्याचं हात कापत्यात, चार वर्सं झाली. लोकांचं हात बरं केलं, ह्यांचं काय हुईना. निदान पागोटं तरी नीट बांधावं, तर तेबी जमंना. गाव हसतं वो."

दीनानाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पागोटं सोडलं आणि बांधायला घेतलं. मनगट ठणकत होतं. शेवटचं टोक आलं, ते चिमटीनं धरलं आणि खोचलं. बसलं! आनंदीबाईनं डोळ्यांना पदर लावला. सोनबा घंगाळातल्या पाण्यात वाकून स्वतःला बघू लागला.

एवढ्यात दीनानाथानं ते बांधलेलं पागोटं भसकन सोडलं.

"अहो, हे काय?" आनंदीबाई ओरडली.

"रोज सकाळी मी हडपसरला जाणार आहे का? या, तुळजाबाई, धरा."

तिनं कापड खसकन ओढलं.

"जोर नको, बाई. त्याला विचारून."

तिसऱ्या खेपेला टोक बसलं. सोनबा हसला. पागोटं जरासं तिरकंच होतं.

"फक्कड!" दीनानाथ म्हणाला.