मालन कमलाकांत परब नावाची कुणी नाही

खोटं बोलणाऱ्याला आठवण चांगली लागते म्हणतात. मालनची होती. दादरच्या टायपिंग क्लासात पहिल्याच दिवशी मारलेली थाप तिला अक्षरन् अक्षर पाठ होती: वडील कमलाकांत परब, बँकेत हेडक्लार्क. सतरा वर्षांची घोडी, पण अक्कल गुडघ्यात!

बापाचं खरं नाव गुणाजी. राहायला लालबागच्या चाळीत. मिलमध्ये वीस वर्षं विणाईच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस, पण संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात महिनाभर तुरुंगात बसला आणि परत आला तर मिलवाले दारात उभं करीनात. पोट काही थांबत नाही. परळच्या मैदानात मायानगरी नावाचा पाळण्या-चक्रांचा मोठा खेळ उभा राहिला होता, त्याच्या दारात हा संकासुर होऊन नाचायला लागला. काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, तोंडाला काजळ, कमरेला घुंगरं. गावच्या दशावतारात तो हौसेनं नाचायचा तेव्हा मालन टाळ्या पिटायची. आता त्याच नाचावर रस्त्यावरची पोरं शेंगांची टरफलं फेकत, आणि मालनला मेल्याहून मेल्यासारखं होई.

म्हणून मायानगरीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. पण गिरगावची सुमती हट्टाला पेटली. शनिवारी क्लास सुटल्यावर म्हणाली, "आज जायचंच हं, सगळ्याजणी येताहेत." बाबाला संध्याकाळचीच पाळी असते, दुपारी तो घरी लवंडलेला असतो, असा विचार करून मालन निघाली. आणि दारात पाहते तो काय! त्याला नेमकं आजच लवकर बोलावलेलं.

तिकिटाच्या खोक्यात मीराबाई नावाची जख्ख म्हातारी बसली होती. तिकीट कसलं, कागदाची चिठ्ठी. "पूर्ण नाव सांगायचं. स्वतःचं, बापाचं, आडनाव," ती म्हणाली. "इथं लिहाल तेवढंच आत जाईल, आणि तेवढंच बाहेर येईल. मागाहून कटकट नको."

सुमतीनं झोकात नाव सांगितलं. मग मालनची पाळी. चार हातांवर संकासुर नाचत होता, कानाशी सुमती. आपल्याकडे बापाच्या नावाशिवाय माणूस पुरा होतच नाही, करणार काय!

"मालन कमलाकांत परब," ती म्हणाली.

घुंगरं थांबली.

"अगं, तो सोंगाड्या तुझ्याकडेच बघतोय," सुमती कुजबुजली. "ओळखीचा आहे का?"

"असल्यांना मी काय ओळखते? दारुडा असेल कुणीतरी."

गुणाजीनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यानं पाठ फिरवली आणि पुन्हा नाचायला लागला.

आतली मजा काय सांगू! लाकडी घोड्यांच्या चक्रावर दोघी बसल्या, चक्र तीनदा फिरलं, आणि चौथ्या फेरीला घोड्यांनी दांडे सोडले. खरंच सोडले! मिलच्या छपरांवरून, चिमण्यांच्या धुरातून वरळीच्या समुद्रावर नेऊन लाटांचे तुषार अंगावर घेत परत आणलं. सुमती किंचाळत होती, मालन पोट धरून हसत होती. उतरताना तिचं लक्ष घोड्याच्या मानेकडे गेलं. तिथं दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती, पूर्ण नावाची. शेजारच्या घोड्याच्या मानेलाही. सगळ्यांच्याच.

"काहीतरी गंमत असेल," सुमती म्हणाली आणि तिला आरसेमहालात ओढत घेऊन गेली. पहिल्या आरशात सुमती जाडी दिसली, दुसऱ्यात उंच. मालन कुठल्याच आरशात दिसेना. सुमती वळली, आणि परक्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "अहो, जरा बाजूला होता का? माझी मैत्रीण इथंच कुठंतरी आहे."

"सुमे, मीच ती!"

"आपली ओळख नाही बाई," असं म्हणून सुमती पुढच्या दालनात निघून गेली. मालननं घाबरून तोंडावर हात घेतला. बोटं कडक लागली. पाहिलं, तर करंगळीवर लाकडाच्या रेघा उमटल्या होत्या.

ती धापा टाकत दाराशी आली. मीराबाईनं चिठ्ठी वाचली. "मालन कमलाकांत परब? अशी मुलगी साऱ्या लालबागेत नाही. जी नाहीच तिला बाहेर कशी सोडू?"

"आजी, पाया पडते. चुकलं माझं."

"पाया माझ्या नको पडू. त्या मोठ्या आकाशपाळण्याच्या टोकावर चढ, आणि तू कुणाची ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. खरं तेवढं सांग. आणि ज्याची म्हणशील त्यानं 'माझी' म्हणायला पाहिजे. मिलचा साडेतीनचा भोंगा झाला की मग माझ्या हातात काही नाही. घोडा होशील."

मालननं दाराकडे पाहिलं. बाबाची नजर तिच्यावरून निघून गेली, खांबावरून जावी तशी. तोही विसरला, तिला वाटलं. आता तो 'माझी' कशाला म्हणेल?

पाळण्याला रांग ही एवढी. घड्याळात सव्वातीन. ती चक्राकडे धावली, एका घोड्याच्या कानात म्हणाली, "तूही माझ्यासारखाच ना रे? एकदाच ने." घोडा थरथरला, आणि दांडा सोडून उसळला. दोन्ही हात मनगटापर्यंत लाकूड झालेले, लगाम धरता येईना. दातात आयाळ धरून ती कशीबशी पाळण्याच्या टोकावर उतरली. खाली सगळ्या क्लासच्या मुली, माना वर करून बघत उभ्या.

लाज बघा कशी चिवट असते! मरण समोर उभं, तरी ती पोरगी म्हणाली काय, "माझे वडील सत्याग्रही आहेत! महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेत!"

खाली टाळ्या पडल्या. हात लाकडाचेच राहिले, उलट कोपरही गेलं. सांगितलं ते खरंच होतं, पण मिरवण्यापुरतं. तेवढ्यानं भागणार नव्हतं.

तिनं डोळे मिटले. "मी मालन गुणाजी परब! दारात संकासुर नाचतोय तो माझा बाबा! त्याला मिलमधून काढलंय, म्हणून नाचतोय! तो दारू पीत नाही! मी खोटं बोलले!" आवाज फाटला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. सुमती हसली की काय, हे बघायची तिला हिंमत झाली नाही.

मग घुंगरांचा आवाज आला. गुणाजी गर्दीतून धावत येत होता, टोपी कुठं पडली त्याचं भान नाही. "माझाच चेडू ता!" तो ओरडला. "माझा मालन! खाली उतर गो बाय, पडशीत!"

भोंगा झाला तेव्हा तिचे हात हाडामांसाचे होते, आणि बापाच्या काळ्या झग्यात रुतले होते. मीराबाईनं जुनी चिठ्ठी फाडली आणि दार उघडलं.

बापलेक घरी निघाले. लालबागच्या नाक्यावर तिनं धीर केला. "बाबा, आतल्या जादूनं तू मला विसरला होतास ना रे?"

"विसारतलंय कसो?" गुणाजी म्हणाला. "मी तुका सगळा वेळ वळखत होतंय. तू वळख दाखवलंस नाय, म्हणून मीय दाखवलंय नाय. चार पोरींत तुझा हसा कित्याक करूचा?"

म्हणजे जादू साऱ्यांवर चालली, एका बापावर तेवढी चालली नाही. आणि 'दारुडा' तो शब्दही त्यानं ऐकला होता. घोडा झाले असते तरी बरं होतं, असं मालनला क्षणभर वाटून गेलं.

गुणाजी थांबला. काजळ पुसत, जरा ओशाळून म्हणाला, "तुका आज सगळ्यांसमोर बोलूचा लागला, वायट झाला. मी मालकाक सांगतंय. सोमवारपासना मागच्या दारार उभो रवतलंय. तुझ्यो मैतरणी पुढल्या दारान येतत."