दारामागच्या तारखा

हिंगोलीच्या गाडीपुऱ्यात जुन्या लाकडी दारांची घरं आता अकराच उरली आहेत. हा आकडा कुठल्या कागदावर सापडायचा नाही. तो प्रज्ञेश खंदारेने तीन रविवार पायी हिंडून काढला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या पोराने गल्लोगल्ली लोकांच्या दारामागे डोकावत फिरावं, हे पुष्कळांना पटलं नाही. "खोली पाहून राहिला का भाड्यानं?" असं एकाने विचारलंही. प्रज्ञेश पाहत होता त्याच्या वडिलांना.

देविदास खंदारे हिवतापाचे कर्मचारी होते. दर पंधरवड्याला ठरलेल्या गल्लीत जायचं, दारात उभं राहून "ताप हाय का कुणाला?" अशी हाळी द्यायची, कुणी तापलेलं निघालं तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि निघताना दारामागच्या भिंतीवर तारीख टाकून पुढे सही करायची, असं ते काम. १२ ऑगस्ट २००६ ला, शनिवारी, ते गाडीपुऱ्याच्या फेरीला गेले आणि परत आले नाहीत. कयाधूला पूर होता. पुलाजवळ सायकल मिळाली, माणूस मिळाला नाही. प्रज्ञेश तेव्हा पाच वर्षांचा होता. आईने, संध्याबाईने, त्याला नदी दाखवली आणि सांगितलं, "तुझे बाबा हिच्यात गेले." एकोणीस वर्षं घरात तेच चालत आलं. दर बारा ऑगस्टला ती बुद्धवंदना घेते, शेजारच्या लेकरांना खीर वाढते.

पण नदीत जाताना त्यांना पाहिलं कुणी? हा प्रश्न प्रज्ञेशला कॉलेजात असल्यापासून सोडत नव्हता. बाप त्या दिवशी खरंच मेला का, एवढंच त्याला हवं होतं.

धागा हाती लागला तो कुलदीपमुळे. हा त्याचा वर्गमित्र. त्याचं गाडीपुऱ्यातलं घर पाडायला काढलं होतं, आणि सामान हलवायला प्रज्ञेश गेला होता. दार बिजागरीतून काढलं तर मागच्या भिंतीवर निळी चौकट, आत तारखांची उतरंड. खडूचं अक्षर एवढं टिकत नाही. प्रज्ञेशने नख लावून पाहिलं. प्रयोगशाळेत काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल होती ती, चुन्यावर बसली की पाण्याला दाद देत नाही. शेवटची ओळ होती : १२-८-०६, दे. खं.

घरी वडिलांच्या हातचं एक अक्षर नव्हतं, आणि इथे ते एका दारामागे एकोणीस वर्षं उभं होतं.

त्याच क्षणी त्याला पुढचं सुचलं. ज्या घरात १२-८ आहे तिथे बाबा पोचले. ज्या घरात त्यांची शेवटची तारीख २९-७ आहे तिथे त्या दिवशी पोचलेच नाहीत. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी त्यांची चाल संपली.

चौथ्या रविवारी, भर दुपारी, तो पुन्हा पहिल्या दारापासून निघाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पत्र्याखाली वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा तेवढा नाकात जात होता. पहिलं दार, १२-८. दुसरं, १२-८. तिसऱ्या घरात कुणी राहत नव्हतं. अर्धवट उघड्या फळीआड मोबाइलचा उजेड टाकला तर तिथेही तेच. दोनच्या आकड्याला खाली लांब शेपूट, आठाचं वळण घाईचं. चार, पाच, सहा. सातव्या दारापासून त्याला वाटायला लागलं, की बाबा आत्ताच या घरातून उठून पुढे गेलेत, अजून वळणावरच असतील. त्याने स्वतःला दटावलं. पण पाऊल त्याचं त्याचं भराभर पडायला लागलं होतं, आणि कुठल्या बोळात वळायचं ते त्याच्याआधी पायांना कळत होतं.

नववं दार, १२-८. अकराव्या दारात त्याने मागच्याच रविवारी २९-७ पाहिली होती. राहिलं ते मधलं, दहावं. ते घर तिन्ही रविवार कुलूपबंद होतं. आज कडी निघालेली होती.

"कोणी आहे का?" त्याने हाक दिली.

आतून म्हातारा आवाज आला, "न्हाई रे बाबा, कुनालाच ताप न्हाई. आत ये, तारीख टाकून जा."

प्रज्ञेशने उंबरा ओलांडला.

आत खाटेवर एक वाळलेली म्हातारी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "टोचायचं आसंल तर टोच. पन हळू. मागच्या खेपेला दोन दिस ठणकलं, देविदासा."

"आजी, मी देविदास नाही. त्यांचा मुलगा, प्रज्ञेश."

बोट हळूच मागे गेलं. "आवाज तर त्याचाच हाय. अन् पाय भुताचे, वाजतच न्हाईत."

"बुटांचे तळवे रबरी आहेत, आजी."

"आसतील. बस. मी गोजरबाई. महिनाभर लेकीकडं डोंगरकड्याला व्हते, परवा आले. बाप बरा हाय ना?"

"दारामागे पाहू का जरा?" एवढंच तो म्हणाला, आणि दार लोटून त्याने उजेड टाकला.

१२-८-०६ होती. पण ती शेवटची नव्हती. खाली २६-८-०६. खाली ९-९-०६. खाली २३-९-०६. प्रत्येकीपुढे दे. खं. तेच लांब शेपटाचे दोन.

त्याने बोटावर दिवस मोजले. चौदा, चौदा, चौदा. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला. पुरानंतर सहा आठवड्यांनी बाप इथे उभा होता. म्हणजे नदीने त्याला नेलं नव्हतं. त्याला हसू येतंय की रडू, ते कळेना.

"आजी, पुरानंतर आले होते ते? सप्टेंबरात?"

"कशाचा आलाय? त्या दिसापून फिरकला न्हाई. बदली झाली आसंल म्हनलं."

"मग या खालच्या तारखा?"

"त्याच दिशी लिवल्या की त्यानं, एकाखाली एक. मी हितंच जवारी निवडत व्हते. मला वाचाया येत न्हाई, पन दर खेपेला एक वळ लिवनारा मानूस चार वळी लिवाया लागला तर कळतंय की मला. म्हनलं, काहून रे एवढ्या? तर म्हनला, मावशी, महिना-दीड महिना कुनी पुसलं तर देविदास येऊन गेला म्हना."

प्रज्ञेशने मोबाइल खाली ठेवला.

"मी म्हनलं, आरं, उद्याचं कोन लिवून ठिवतं का? हासला नुसता. मंग अकोल्याची गाडी कवा हाय ते पुसलं, पिशवी खांद्याला मारली अन् गेला."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"कुनी पुसलं तर सांगू! पोलीस समदे नदीकडं. हितं कोन आलं?"

त्याने पुन्हा उजेड धरला. वरच्या ओळी जाड-बारीक होत्या. दर फेरीला पेन्सिलीचं टोक वेगळं होतं. शेवटच्या चार ओळी एकाच टोकाच्या, एकाच दाबाच्या. हे विचारायच्या आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण त्याला दुसरंच काही दिसायला हवं होतं.

घरी येताना त्याने रस्त्यातला एकेक म्हातारा निरखला. नदीने निदान बापाला एका जागी ठेवलं होतं. आता तो कुठेही असू शकत होता. साठीचा, मिशी काढलेला, कुठल्याशा गावात कुठल्याशा दुसऱ्या लेकराला शाळेत सोडून आता थकलेला. चहाच्या टपरीवरचा माणूस वळला, दुसराच निघाला. रसवंतीपाशीही दुसराच. हे निरखणं आता थांबणार नाही हे त्याला कळून चुकलं.

संध्याबाई मेथी निवडत बसली होती. "लागला का रे छडा? कुठवर गेलते?"

प्रयोगाच्या वहीत त्याने आजवर एकही आकडा फिरवला नव्हता.

"गोजरबाईच्या घरापर्यंत. शेवटून दुसरं. बारा तारीख आहे," तो म्हणाला. "पुढे काही नाही."

"म्हंजी तिथून सरळ नदीकडं."

"हो."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्या बाईनं पानी इचारलं व्हतं का त्यांला?"

"म्हणजे?"

"गाडीपुऱ्यात काही घरी तांब्या भाईर येत नव्हता आपल्या मान्साला. ते कवा बोलले न्हाईत. पन घरी आले का उभ्यानंच दोन तांबे रिचवायचे. शेवटच्या घरानं तरी दिलं का, एवढंच म्हनते मी."

आत्ताच एक खोटं त्याने न अडखळता सांगितलं होतं. दुसरंही जिभेवर आलं, पण बाहेर पडेना.

"ते विचारायचं राहिलं, आई."

"मंग पुसून ये की कवातरी."

"आत्ताच जातो," म्हणून तो उठला.